टास्क बोर्ड बनवताना आधी हालचालींची नोंद, मग बोर्ड

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्यातली १२ जणांची टीम, दोन क्लायंट अमेरिकेतले, काम सध्या ट्रेलो या कार्डांच्या ऑनलाइन बोर्डावर. रिव्ह्यूसाठी किंवा क्लायंटच्या मंजुरीसाठी अडकलेलं काम तुमच्या बोर्डावर वेगळं दिसत नाही, म्हणून स्वतःचा टास्क बोर्ड बनवायचा विचार आहे. डेटाबेस म्हणून पोस्टग्रेस घ्यावं की मोंगो, कार्ड ओढून वर-खाली केल्यावर क्रम कसा साठवायचा, दुसऱ्याने हलवलेलं कार्ड आपल्या स्क्रीनवर लगेच कसं दिसेल, गिटशी (कोडच्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या प्रणालीशी) कसं जोडायचं, हे तुम्ही विचारलंय. सोबत टेबलांचा आराखडा दिलाय: बोर्ड, कॉलम, कार्ड आणि कार्डात ‘स्थिती’ नावाचा एक रकाना.

आराखड्यापासूनच सुरू करतो, कारण बाकीच्या प्रश्नांची बरीच उत्तरं तिथूनच निघतात. त्यात एक टेबल राहिलंय, आणि माझ्या मते तेच मुख्य आहे: कोणतं कार्ड, कुठून कुठे, कोणी आणि कधी हलवलं याची नोंद. दुकानदाराकडे रोजकीर्द असेल तर कुठल्याही दिवसाची शिल्लक काढता येते. नुसती शिल्लक लिहून ठेवली तर मागचे व्यवहार परत मिळत नाहीत. बोर्ड ही आजची शिल्लक. काम कुठे किती दिवस पडून राहिलं, हे जे तुम्हाला पाहायचंय, ते फक्त कीर्दीत सापडतं.

एक कार्ड घेऊ: ‘पावतीवर जीएसटी क्रमांक छापला जात नाही’. सोमवारी सकाळी साडेदहाला एका डेव्हलपरने ते ‘काम चालू’मध्ये घेतलं. मंगळवारी दुपारी चारला कोड तयार झाला, पुल रिक्वेस्ट (कोड तपासून मूळ कोडात घ्या अशी विनंती) उघडली. रिव्ह्यू करणारा दुसऱ्या रिलीजमध्ये गुंतलेला. त्याने शुक्रवारी अकराला बघायला घेतलं आणि पाऊण तासात मंजूर केलं. क्यूएने (चाचणी करणाऱ्याने) पुढच्या सोमवारी तपासलं, त्याला अर्धा दिवस लागला. मग ते क्लायंटकडे मंजुरीला गेलं. तिकडून होकार आला त्याच्या पुढच्या सोमवारी, आणि मंगळवारी संध्याकाळी दुरुस्ती प्रॉडक्शनवर गेली. कॅलेंडरवर १६ दिवस झाले. प्रत्यक्ष कोणाचा तरी हात लागला तो जेमतेम सव्वादोन दिवस. तुमच्या आराखड्यात या सगळ्याचं एवढंच उरतं: ‘स्थिती: झालं’. मग आढावा बैठकीत कोणीतरी विचारतं, एवढ्याशा दुरुस्तीला दोन आठवडे कसे लागले, आणि ज्याने दीड दिवसात काम संपवलं त्याच्याकडेच सगळे बघतात. त्याच्याकडे दाखवायला काहीच नसतं.

म्हणून पहिल्या दिवसापासून ‘हालचाल’ नावाचं टेबल ठेवा. कार्ड, आधीचा कॉलम, नंतरचा कॉलम, हलवणारी व्यक्ती, वेळ, आणि ती हालचाल कशातून झाली (हाताने, गिटमधून की आयात करताना), एवढे रकाने पुरेत. सध्याचा कॉलम कार्डाच्या टेबलातही राहू द्या, म्हणजे बोर्ड दाखवायला साधी क्वेरी चालेल. फक्त दोन्ही ठिकाणी लिहिणं एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये (झालं तर सगळं, नाहीतर काहीच नाही अशा एका गठ्ठ्यात) झालं पाहिजे. काही जण इथे पूर्ण इव्हेंट सोर्सिंगकडे वळतात: सध्याची स्थिती साठवायचीच नाही, दर वेळी घटनांमधून उभी करायची. तुमच्या आकाराच्या टीमला तो खटाटोप नको. हालचालीची नोंद एकदा पडली की ती बदलायची नाही आणि पुसायची नाही, एवढी शिस्त पुरे. चुकून हलवलेलं कार्ड मागे आणलं तर तीही नवी नोंदच. अहवाल काढताना मिनिटभराच्या आतले मुक्काम वगळले की झालं.

वेळ नेहमी सर्व्हरची घ्या आणि पोस्टग्रेसमध्ये टाइमझोनसह असलेल्या प्रकारात साठवा. दिवसाची हद्द मात्र टीमच्या टाइमझोनप्रमाणे ठरवा. भारतीय वेळ यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेच्या साडेपाच तास पुढे, त्यामुळे रात्री एक वाजता केलेलं डिप्लॉय यूटीसीत आदल्या संध्याकाळी साडेसातचं ठरतं आणि रोजच्या आलेखात आदल्या दिवशी मोजलं जातं. बोर्डावर ‘एशिया/कोलकाता’ असं झोनचं नाव ठेवा. क्लायंटसाठीही नावच ठेवा, तासांचा फरक नको, कारण अमेरिकेच्या बहुतेक भागात घड्याळं वर्षातून दोनदा सरकतात.

आता कॉलम. प्रत्येक कॉलमला नावाशिवाय एक प्रकार द्या: इथे काम थांबलेलं असतं, की इथे कोणीतरी त्यावर काम करत असतं, की इथे ते संपतं. हा एक छोटा रकाना तुमची मूळ अडचण सोडवतो. ‘रिव्ह्यू’ असा एकच कॉलम असेल तर त्यातल्या सहा कार्डांपैकी किती कार्डं कोणी बघतंय आणि किती नुसती पडून आहेत हे कळत नाही. ‘रिव्ह्यूसाठी तयार’ आणि ‘रिव्ह्यू चालू’ असे दोन करा. ‘क्लायंटकडे’ हा थांब्याच्या प्रकारातला वेगळा कॉलम करा. थांबलेल्या कार्डावर किती दिवस झाले तो आकडा मोठ्या अक्षरात दाखवा. लेबलांचे रंग, कव्हरची चित्रं वगैरे त्यानंतर. कॉलमचं नाव बदललं तरी आयडी तोच राहील आणि कॉलम काढून टाकला तर तो लपवला जाईल, डिलीट होणार नाही, याची काळजी घ्या. नाहीतर जुन्या हालचाली कुठे झाल्या हेच सांगता येत नाही.

मी थांबण्यावर एवढा भर का देतोय, त्याला आपल्या शेजारचाच एक दाखला आहे. कानबान, म्हणजे कार्डांवरून काम पुढे सरकवण्याची पद्धत, मूळचं टोयोटाचं. ताइइची ओनो यांनी १९५० च्या दशकात कारखान्यात ते बसवलं, तेव्हा कार्ड म्हणजे पुढच्या टप्प्याने मागच्या टप्प्याला दिलेली मागणी होती: आमच्याकडे जागा झाली, आता पाठवा. ही कल्पना सॉफ्टवेअरमध्ये आणणाऱ्यांत डेव्हिड अँडरसन यांचं नाव पहिलं येतं. २००४ मध्ये त्यांनी मायक्रोसॉफ्टच्या अंतर्गत सॉफ्टवेअरची देखभाल करणाऱ्या एका टीमबरोबर हे केलं, आणि ती टीम हैदराबादेत बसायची. तिथे प्रत्येक नव्या विनंतीचा अंदाज ४८ तासांत द्यावा लागे. लोकांचा बराच वेळ या अंदाजांत जायचा, आणि हातातलं काम रांगेत पडून राहायचं. त्यांनी ते अंदाज बंद केले आणि एका वेळी किती कामं आत घ्यायची त्यावर मर्यादा घातली. विनंती पूर्ण व्हायला सरासरी १५५ दिवस लागायचे, ते १४ वर आले. कोड लिहिण्याची आणि तपासण्याची पद्धत तीच राहिली होती. आणि त्या टीमकडे तेव्हा भिंतीवर बोर्डही नव्हता. कार्डांची भिंत अँडरसन यांच्या कामात नंतर, कॉर्बिस या कंपनीत आली. बोर्डाशिवाय फायदा झाला, कारण रांग मोजली गेली होती.

डेटाबेसचं उत्तर यातूनच येतं: पोस्टग्रेस घ्या. ट्रेलो २०११ मध्ये आलं तेव्हा ते नोड (सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणारी यंत्रणा) आणि मोंगोवर उभं होतं आणि छान चाललं, त्यामुळे मोंगोवर बोर्ड होतच नाही असं नाही. मोंगोमध्येही २०१८ पासून अनेक दस्तऐवजांवरचं ट्रान्झॅक्शन आहे. पण कार्ड बदलणं, हालचाल नोंदवणं आणि क्रम लावणं हे एकत्र व्हायला हवं, आणि नंतर त्या हालचालींवर खूप वेगवेगळ्या क्वेरी लिहायच्या आहेत. त्या पोस्टग्रेसच्या एसक्यूएल या क्वेरी-भाषेत लिहिणं फार सोयीचं पडतं.

क्रमाचा प्रश्न वरून सोपा दिसतो, आत बराच खोल आहे. सगळ्यात सरळ पद्धत म्हणजे कार्डांना १, २, ३ असे क्रमांक. मधे एक घातलं की खालच्या सगळ्यांचे बदलावे लागतात. मग लोक अंतर ठेवतात: ६५५३६, त्याच्या दुप्पट, तिप्पट. दोन कार्डांच्या मधे टाकायचं तर दोघांच्या मधला आकडा घ्यायचा. पण एकाच जागी पुन्हा पुन्हा टाकत गेलात तर ६५५३६ चं अंतर सोळा वेळा अर्धं केल्यावर संपतं. अपूर्णांक घेतले तर? ट्रेलोच्या एपीआयमध्ये (दुसऱ्या प्रोग्रॅमला डेटा देणाऱ्या दारात) कार्डाची जागा अशीच दशांश आकड्यात येते. दुहेरी अचूकतेच्या आकड्यात १ आणि २ च्या मधे, नेहमी १ ला चिकटून टाकत गेलं, तर ५२ वेळा जागा मिळते. त्रेपन्नाव्या वेळी मधला आकडा गोल होऊन पुन्हा १ च येतो आणि दोन कार्डांची जागा एक होते. ही वेळ वाटते तितकी दुर्मीळ नाही. पहिलं कार्ड पिन केलेलं असेल आणि प्रत्येक नवं कार्ड त्याच्या लगेच खाली येत असेल, तर ५२ कार्डं व्हायला वेळ लागत नाही.

तिसरी पद्धत म्हणजे जागेसाठी अक्षरमाला वापरणं. दोन अक्षरमालांच्या मधे नेहमी आणखी एक बसवता येते, फक्त ती लांब होत जाते. जिरा या कामांच्या टूलमधलं लेक्सोरँक याच जातीचं आहे, आणि लांबी फार वाढली की ते पुन्हा समतोल करतं. फिग्मा या डिझाइनच्या टूलनेही याच विचारावरची पद्धत वापरली आहे. ही घेणार असाल तर पोस्टग्रेसमधला एक सापळा आधीच सांगून ठेवतो. या कामासाठी मिळणाऱ्या प्रचलित लायब्ररींत पहिल्या कार्डाची अक्षरमाला ‘ए-शून्य’ अशी, स्मॉल ए ने सुरू होणारी असते. त्याच्याही वर कार्ड टाकलं की कॅपिटल झेड ने सुरू होणारी अक्षरमाला तयार होते, कारण बाइटच्या हिशोबात कॅपिटल झेड स्मॉल ए च्या आधी येतो. ब्राउझरमध्ये जावास्क्रिप्टची साधी तुलनाही तसंच धरते. पण डेटाबेस अमेरिकन इंग्रजी कोलेशनवर (अक्षरांचा क्रम ठरवणाऱ्या नियमांवर) असेल तर तिथली तुलना शब्दकोशासारखी होते आणि झेड ए च्या नंतर जातो. परिणाम असा की कार्ड ओढून सगळ्यात वर ठेवलं, ते वर दिसलं, आणि पान रिफ्रेश केल्यावर सगळ्यात खाली गेलं. ड्रॅग-ड्रॉपच्या कोडमध्ये दोष शोधत दिवस जातो आणि तिथे दोष नसतो. त्या रकान्यावर ‘सी’ कोलेशन लावलं की प्रश्न मिटतो.

तुमच्यासाठी मात्र मी यातली सगळ्यात साधी, अंतर ठेवलेल्या पूर्णांकांची पद्धत सुचवेन. तुमच्या एका कॉलममध्ये पन्नासच्या वर कार्डं क्वचित असतील. जागा संपली की त्या कॉलमला सर्व्हरवर एकदा नवे क्रमांक देऊन टाकायचे. पन्नास ओळी बदलणं पोस्टग्रेसला जाणवतही नाही. पद्धतीपेक्षा महत्त्वाचं हे की ब्राउझरने सर्व्हरला आकडा पाठवायचाच नाही. ‘हे कार्ड त्या कार्डाच्या खाली ठेव’ एवढंच पाठवायचं, आकडा सर्व्हरने काढायचा. मग दोघांनी एकाच क्षणी एकाच जागी कार्ड टाकलं तरी दोघांना वेगळे आकडे मिळतात. ज्या कार्डाच्या खाली ठेवायचं तेच दरम्यान दुसरीकडे गेलं असेल, तर कॉलमच्या तळाशी ठेवा आणि तसं स्क्रीनवर सांगा.

हे सुरक्षित व्हावं म्हणून हालचालीच्या ट्रान्झॅक्शनमध्ये सुरुवातीलाच बोर्डाच्या ओळीवर लॉक घ्या. एका बोर्डावर एका वेळी एकच हालचाल होईल. १२ माणसं मिळून सेकंदाला एक कार्डही हलवत नाहीत, त्यामुळे कोणाला थांबल्याचं कळणार नाही. याच लॉकचा दुसरा मोठा उपयोग थेट अपडेटसाठी आहे.

थेट अपडेटला वेबसॉकेट (दोन्ही दिशांनी उघडी राहणारी जोडणी) हवंच असं नाही. ब्राउझरकडून सर्व्हरकडे साधी रिक्वेस्ट जाते, सर्व्हरकडून ब्राउझरकडे फक्त बातमी यायची असते, त्याला सर्व्हर-सेंट इव्हेंट्स पुरतात. खरा प्रश्न जोडणी तुटल्यावर येतो. लॅपटॉप मिटला, किंवा कोणी मुंबईहून पुण्याला ट्रेनने येताना लोणावळ्याच्या घाटात बोगद्यामागून बोगदे लागले, की दहा मिनिटांच्या हालचाली हुकतात. परत जोडल्यावर ब्राउझरने सांगायचं, ‘माझ्याकडे ४१२ क्रमांकापर्यंतच्या आहेत’, आणि सर्व्हरने ४१३ पासूनच्या द्यायच्या. हालचालींचं टेबल आधीच आहे, वेगळं काही बांधावं लागत नाही.

इथे एक बारकी पण हमखास लागणारी ठेच आहे. हा क्रमांक म्हणून डेटाबेसचा आपोआप वाढणारा आयडी वापरू नका. आयडी मिळतो ट्रान्झॅक्शन चालू असताना, आणि दोन ट्रान्झॅक्शनपैकी उशिरा सुरू झालेलं आधी कमिट (पक्कं) होऊ शकतं. ४१४ आधी दिसलं, ब्राउझरने ‘४१४ पर्यंत मिळालं’ असं धरलं, मग ४१३ कमिट झालं आणि ते त्याला कधीच मिळालं नाही. त्या माणसाच्या बोर्डावर एक कार्ड पान रिफ्रेश होईपर्यंत चुकीच्या कॉलममध्ये राहतं. त्याऐवजी बोर्डाच्या ओळीतच एक मोजणी ठेवा आणि ती वर सांगितलेल्या लॉकच्या आत एकने वाढवा. मग क्रमांकांचा आणि कमिटचा क्रम एकच राहतो. सर्व्हरच्या प्रोसेसमध्ये बातमी पोचवायला पोस्टग्रेसचं नोटिफाय वापरता येईल. त्याच्या मजकुराला ८००० बाइटची मर्यादा आहे, म्हणून त्यातून फक्त बोर्डाचा आयडी आणि क्रमांक पाठवा, बाकी टेबलातून वाचा.

कार्डाचं वर्णन दोघांनी एकाच वेळी बदललं तर काय, हेही तुम्ही विचारलंय. कार्डावर आवृत्ती क्रमांक ठेवा. जुन्या आवृत्तीवर सेव्ह करायला आलेल्याला दोन्ही मजकूर शेजारी दाखवा. एकत्र टायपिंगची यंत्रणा या टूलला लागत नाही.

ओढून टाकण्याबद्दल फार लिहीत नाही. ब्राउझरची मूळ ड्रॅग-ड्रॉपची सोय मोबाइलवर भरवशाची नाही, त्यामुळे चांगली लायब्ररी घ्या. पण प्रत्येक कार्डावर ‘हलवा’ असा मेनूही द्या. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये आलेल्या डब्ल्यूसीएजी २.२ या वेब-सुलभतेच्या मार्गदर्शक नियमांमध्ये ओढण्याच्या प्रत्येक क्रियेला न ओढता करता येणारा पर्याय असावा असा निकषच आहे. हात दुखणाऱ्या माणसाला, कीबोर्डवर काम करणाऱ्याला आणि एका हाताने फोन धरून लोकलमध्ये उभ्या असलेल्याला तो मेनूच कामी येतो.

गिटशी जोडणं मात्र मनापासून करा, कारण नोंदीचा खरेपणा त्यावर आहे. माणसं कार्ड काम झाल्यावर हलवत नाहीत, स्टँडअपच्या (रोजच्या छोट्या बैठकीच्या) पाच मिनिटं आधी हलवतात. हाताने केलेल्या हालचालींच्या वेळा मांडून बघा, सकाळी एकाच वेळेवर गठ्ठा दिसेल. पुल रिक्वेस्ट उघडल्याची वेळ मात्र यंत्राने दिलेली असते. ब्रँचच्या (कोडच्या वेगळ्या शाखेच्या) नावात कार्डाचा क्रमांक घालायची सवय लावा. पुल रिक्वेस्ट उघडली की कार्ड आपोआप ‘रिव्ह्यूसाठी तयार’मध्ये जाऊ द्या, पहिला रिव्ह्यू आला की ‘रिव्ह्यू चालू’मध्ये. मर्ज झालं (मूळ कोडात मिसळलं) म्हणून ‘झालं’मध्ये पाठवू नका. मर्ज झालेला कोड अजून वापरणाऱ्यापर्यंत पोचलेला नसतो, आणि तुमच्या बाबतीत क्लायंटची मंजुरी तर त्यानंतरच येते.

गिटहब या गिटच्या सेवेचे वेबहुक (घटना घडली की आपोआप येणाऱ्या सूचना) घेताना चार गोष्टी पाळा. सही तपासल्याशिवाय काही वाचू नका. उत्तर १० सेकंदांच्या आत द्या, म्हणजे आधी टेबलात टाका आणि काम मागून करा. प्रत्येक डिलिव्हरीचा वेगळा आयडी हेडरमध्ये येतो, त्यावर युनिक बंधन घाला, म्हणजे तीच बातमी दोनदा आली तरी कार्ड दोनदा हलणार नाही. आणि तुमचा सर्व्हर बंद असताना हुकलेल्या डिलिव्हरी गिटहब स्वतःहून पुन्हा पाठवत नाही, म्हणून रोज रात्री उघड्या पुल रिक्वेस्टची यादी एपीआयवरून घेऊन ताळमेळ लावा.

एका कॉलममध्ये किती कार्डं असावीत, ही मर्यादा ठेवाच. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला नियम इथे थेट लागू पडतो: चालू कामांची सरासरी संख्या म्हणजे रोज पूर्ण होणारी कामं गुणिले एका कामाला लागणारे दिवस. तुमच्याकडे २४ कार्डं चालू असतील आणि कामाच्या दिवसाला सरासरी २ संपत असतील, तर एका कार्डाला १२ दिवस लागणारच. संपण्याचा वेग तोच राहून चालू कार्डं १२ वर आणली तर ६ दिवस. मर्यादा ओलांडली तर टूलने अडवावं की नुसतं सांगावं, यावर माझं मत पक्कं आहे: अडवू नका. अडवलं की लोक कार्ड मागेच ठेवून काम पुढे करतात आणि नोंद खोटी होते. कॉलम लाल करा, एका ओळीत कारण विचारा, ते हालचालीसोबत साठवा. महिन्याने ती कारणं वाचलीत की कुठे माणूस कमी पडतोय ते समजेल.

अहवालात सरासरीवर विसंबू नका. महिनाभर रखडलेलं एक कार्ड सरासरी पार बदलून टाकतं. निम्मी कार्डं किती दिवसांत संपली आणि १०० पैकी ८५ किती दिवसांत, हे दोन आकडे द्या. ‘अशी दुरुस्ती कधी मिळेल’ याचं उत्तर क्लायंटला दुसऱ्या आकड्यावरून देता येतं. शिवाय थांब्याच्या कॉलमांत गेलेला वेळ आणि कामाच्या कॉलमांत गेलेला वेळ प्रत्येक कार्डाच्या एका आडव्या पट्टीत दोन रंगांत दाखवा. वरच्या जीएसटीच्या कार्डाची पट्टी क्लायंटसमोर ठेवलीत तर मंजुरीला लागलेला आठवडा त्यांना स्वतःलाच दिसेल.

आणि एक विनंती. हालचालींच्या टेबलात माणसांची नावं आहेत, त्यामुळे ‘कोणी किती कार्डं संपवली’ असा तक्ता काढणं एका ओळीचं काम आहे, आणि कोणीतरी तो मागणारच, बहुतेक अप्रेझलच्या दिवसांत. तो देऊ नका. तसा तक्ता निघतोय हे कळलं की आठवडाभरात एका कामाची चार कार्डं होतात, दुसऱ्याला मदत करायला कोणी उठत नाही आणि अवघड काम बॅकलॉगमध्येच राहतं. ज्या नोंदींवर हे सगळं उभं आहे त्या लोकांच्या विश्वासावरच खऱ्या राहतात. अहवालाच्या एपीआयमध्ये व्यक्तीनुसार गट पाडायची सोयच ठेवू नका, आणि टीमला हे सुरुवातीलाच सांगा.

तुमची कार्डं मराठीतही असतात असं तुम्ही लिहिलंय, म्हणून दोन गोष्टी. ईमेलमध्ये किंवा सूचनेत शीर्षक तोडताना ठरावीक कोड युनिटवर (संगणकाच्या मोजणीतल्या तुकड्यावर) तोडू नका, काना-मात्रा गळून वेगळाच शब्द उरतो. जावास्क्रिप्टमधला इंटल सेगमेंटर वापरून पूर्ण अक्षरावर तोडा. दुसरं, शोध. ‘दुसऱ्या’मधला अर्धा र तीन प्रकारे टाइप झालेला आढळतो: नुक्त्याच्या ऱ चा एकच कोड पॉइंट, साधा र आणि वेगळा नुक्ता, किंवा साधा र, हलंत आणि झीरो-विड्थ जॉइनर हे न दिसणारं चिन्ह. डोळ्यांना तिन्ही सारखे, शोधाला वेगळे. सेव्ह करताना एनएफसी (युनिकोडचं एकसारखं रूप) लावलं की पहिले दोन एक होतात. तिसरा मात्र तुम्हाला स्वतः बदलून घ्यावा लागेल.

बांधायचं या क्रमाने: आधी कार्ड, कॉलम आणि हालचाल, साध्या यादीच्या रूपात, ‘हलवा’ मेनूसह. मग गिट. मग थांबण्याचे दिवस आणि पट्ट्या. ओढून टाकणं आणि थेट अपडेट त्यानंतर. गँट चार्ट, टाइमशीट, हवे तसे रकाने वाढवायची सोय यांना आत्ता हात लावू नका.

ट्रेलोवरून आणताना नुसती आजची कार्डं आणू नका. तिथे प्रत्येक कार्डाच्या बदलाची क्रिया साठवलेली असते आणि कॉलम बदलला असेल तर आधीची व नंतरची यादी तिच्यात असते, म्हणजे तुमचं हालचालींचं टेबल मागच्या तारखांसकट भरता येतं. बोर्ड जेसन फाइलमध्ये एक्स्पोर्ट केलात तर मात्र त्यात शेवटच्या १००० क्रियाच येतात. चालू बोर्डावर तेवढ्या काही महिन्यांत होऊन जातात. म्हणून एपीआयवरून एका वेळी १००० अशा, जुन्या तारखांकडे सरकत, सगळ्या ओढून घ्या, आणि हे खातं बंद करायच्या आधी करा.